तेल खाणं हा बिघाड नव्हे

माझ्दा आरएक्स-८ ही रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार तेल खाते म्हणजे तिचं इंजिन संपलं, असं म्हटलं जातं. हे पटत नाही. रोटरी इंजिनात (यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो) तेल जाळणं रचनेतच आहे: रोटरच्या तीन टोकांवरचे अपेक्स सील, म्हणजे चेंबरमधला दाब गळू न देणाऱ्या पट्ट्या, कोरडे घासू नयेत म्हणून एक छोटा पंप मोजून तेल थेट चेंबरमध्ये सोडतो. १९६७च्या कॉस्मो स्पोर्टपासून माझ्दाची खरी झुंज या सीलशीच होती. त्यामुळे पेट्रोलच्या दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) बघायलाच हवी. तेलाची पातळी अजिबात उतरत नसेल, तर उलट पंप किंवा त्याच्या नळ्या तपासा.

इंजिनाची खरी तब्येत कॉम्प्रेशनवरून, म्हणजे चेंबरमध्ये किती दाब तयार होतो त्यावरून कळते, आणि तिथेच फसगत होते. साधा गेज रोटरभोवतीच्या तीन चेंबरांपैकी सर्वात जास्त दाब तेवढा दाखवतो, एक सील गेलेलं असलं तरी काटा छान वर जातो. रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो, तो तिन्ही आकडे सुटे देतो. २५० आरपीएमला ८.५ किलो प्रति चौ. सेंमी म्हणजे उत्तम, ६.९च्या खाली गेलं की इंजिन उघडायची वेळ आली. वापरलेली गाडी घेताना हे आकडे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

थंड इंजिन सुरू करून लगेच बंद केलं तर स्पार्क प्लग पेट्रोलने भिजतात आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ८-१० सेकंद स्टार्टर फिरवा. पेडल तळाला असताना इंजेक्टर बंद राहतात, चेंबर सुकतात.