प्रतिसाद: एसएनडी-एलूप बूटच्या वेळीच लोड व्हावं म्हणून
दर वेळी लिनक्स मशीन सुरू केल्यावर हे मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हरसारखा तुकडा) लोड करायला 'मॉडप्रोब एसएनडी-एलूप' ही कमांड हाताने द्यावी लागते म्हणालात, त्यावर आरसी डॉट लोकलचा (बूटच्या वेळी चालणारी जुन्या पद्धतीची स्क्रिप्ट) सल्ला आलाय. सिस्टमडी (बूटच्या वेळी सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) असेल तर तो नका घेऊ. एलूप हे आभासी साउंडकार्ड; मागे हार्डवेअरच नाही, मग यूडेव्ह (हार्डवेअर दिसलं की त्याचं मॉड्यूल लोड करणारा प्रोग्राम) ते आपणहून लोड करणार कशावरून? ईटीसीखालच्या 'मॉड्यूल्स-लोड डॉट डी' फोल्डरमध्ये फाइल करा, नावाच्या शेवटी 'डॉट कॉन्फ' हवंच, आत फक्त मॉड्यूलचं नाव. पॅरामीटर तिथे चालत नाहीत, ते ईटीसीखालच्याच 'मॉडप्रोब डॉट डी' फोल्डरमधल्या फाइलीत. तिथे 'ऑप्शन्स एसएनडी-एलूप इंडेक्स=-2' ही ओळ जरूर घाला, नाहीतर एलूपच शून्य क्रमांकाचं, म्हणजे डीफॉल्ट, कार्ड होऊन बसू शकतं आणि स्पीकर गप्प. रीबूट करून 'एप्ले -एल' या कमांडने दिसणाऱ्या साउंडकार्डांच्या यादीत क्रम तपासा.