जे कोर्टात मागताच येत नाही ते संविधानात लिहिलं कशाला?

नायगावची_ताई

नमस्कार मंडळी. आमच्या चाळीत तळमजल्यावर अभ्यासिका आहे, शनिवार-रविवार संध्याकाळी मी तिथे सहावी ते आठवीच्या मुलांचा अभ्यास घेते. परवा सातवीचं नागरिकशास्त्र काढलं, मूलभूत हक्क झाले आणि मार्गदर्शक तत्त्वांचा धडा आला. दरवर्षीसारखी फळ्यावर मधोमध रेघ मारली, डावीकडे हक्क, उजवीकडे तत्त्वं, आणि उजव्या बाजूला खाली लिहिलं, न्यायालयात दाद मागता येत नाही.

एक मुलगा आहे, फार बोलत नाही. त्याचे वडील स्टेशनबाहेर हातगाडीवर भाजी विकतात आणि मागच्या आठवड्यात ती गाडी मालासकट उचलून नेली. मी कलम ३९ मधलं वाक्य फळ्यावर लिहिलं होतं, उपजीविकेचं पुरेसं साधन मिळवण्याचा हक्क, ते त्याने वहीत उतरवलं, बोट ठेवून परत वाचलं आणि विचारलं, ताई यात तर हक्क असाच शब्द आहे, मग मागता का येत नाही, आणि मागताच येत नाही तर लिहिलं कशाला.

मी म्हटलं पुढच्या शनिवारी सांगते. आता शनिवार जवळ आलाय. परीक्षेत लिहायचं उत्तर माझ्याकडे आहे, पण त्याच्याकडे बघून सांगता येईल असं हवंय. कोणी समजावून सांगेल का?

अभ्यास_चालू_दादर

ताई, आम्ही क्लासला जे शिकलो ते सांगतो. हक्क भाग ३ मधे, कलम १२ ते ३५. तत्त्वं भाग ४ मधे, ३६ ते ५१, ही कल्पना आयर्लंडच्या राज्यघटनेवरून घेतली. हक्क म्हणजे बहुतेक करून सरकारने काय करू नये ते, त्याला पैसा लागत नाही. तत्त्वं म्हणजे सरकारने काय करावं, शिक्षण, काम, आरोग्य, याला पैसा लागतो आणि १९५० साली तो नव्हता, म्हणून कोर्टाच्या बाहेर ठेवली. संविधान सभेत तेव्हाच यावर टीका झाली होती, मुंबईचे अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शाह म्हणाले होते की हा असा चेक आहे जो बँक तिला जमेल तेव्हा वटवणार. म्हणजे त्या मुलाचा प्रश्न संविधान सभेतही विचारला गेलाय, हे त्याला नक्की सांगा, त्याला बरं वाटेल.

फोर्ट_वकील

ताई, तुमच्या फळ्यावरचं वाक्य अर्धंच आहे, आणि दोष तुमचा नाही, सगळीकडे अर्धंच शिकवतात. कलम ३७ मधे पहिला तुकडा हाच आहे की या तत्त्वांची अंमलबजावणी कोर्टाकडून करून घेता येणार नाही, पण वाक्य तिथे संपत नाही, पुढे लिहिलंय की तरीही ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य असेल. कर्तव्य हा शब्द आहे तिथे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना हेच सांगितलं, की सत्ता कोणाच्याही हातात येवो त्याला मनाला येईल तसं वागता येणार नाही, तत्त्वं मोडली तर कोर्टात जाब द्यावा लागणार नाही कदाचित, पण निवडणुकीत मतदारांपुढे द्यावाच लागेल.

आता त्या मुलाच्या वाक्याकडे येतो, कारण नेमकं तेच वाक्य, ३९ चा पहिला खंड, आपल्या मुंबईच्याच केसमधे सुप्रीम कोर्टाने हातात घेतलंय. १९८१ च्या जुलैत, भर पावसात, फुटपाथवरच्या लोकांच्या झोपड्या पाडून त्यांना बसमधे घालून शहराबाहेर पाठवायला सुरुवात झाली. ओल्गा टेलिस नावाच्या पत्रकार आणि फुटपाथवर राहणारी काही माणसं कोर्टात गेली. १९८५ च्या जुलैमधे पाच न्यायाधीशांचा निकाल आला, सरन्यायाधीश होते य. वि. चंद्रचूड. कोर्टाने म्हटलं की कलम २१ मधला जीविताचा हक्क हा नुसता श्वास घेण्याचा हक्क नाही, पोट भरायचं साधन काढून घेतलं तर जीवच काढून घेतल्यासारखं आहे, आणि हा अर्थ लावताना आधार घेतला कलम ३९ आणि ४१ चा. म्हणजे ज्या तत्त्वावर थेट दावा लावता येत नाही ते तत्त्व वापरून कोर्टाने हक्कालाच मोठं केलं.

मुलाला गोड गोड सांगू नका मात्र. त्याच निकालात कोर्टाने हेही म्हटलं की फुटपाथवर राहण्याचा हक्क कोणाला नाही, रीतसर नोटीस देऊन हटवता येईल. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेची कार्डं असलेल्यांना पर्यायी जागा द्या म्हणाले आणि पावसाळा संपेपर्यंत कोणाला हलवू नका म्हणाले. लोक अर्धी लढाई हरले. पण नोटीस, ऐकून घेणं, उपजीविका, हे शब्द त्यानंतर प्रत्येक केसमधे आले, मी स्वतः कितीतरी वेळा तो निकाल कोर्टापुढे ठेवलाय.

बहात्तरचा_दुष्काळ

वकीलसाहेबांनी कोर्टाचं सांगितलं, मी दुसरी बाजू सांगतो. माझं गाव मराठवाड्यातलं, ७२ साली मी नऊ वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, मी तिच्याबरोबर. दुपारी सुकडी मिळायची, ती मी फडक्यात बांधून धाकट्या बहिणीसाठी आणायचो, आणि घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, ती गार झाली की दाताला तुटायची नाही. आईच्या हाताची चिरलेली बोटं मला अजून दिसतात. पण तेव्हा काम निघालं तर निघालं, मुकादमाने नाव लिहिलं तर लिहिलं, नाही म्हणाला तर परत या.

मग काय झालं बघा ताई. कलम ४१ मधे लिहिलंय की राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे कामाच्या हक्काची सोय करावी. विधान परिषदेचे सभापती होते वि. स. पागे, त्यांनी त्याआधीच तासगावकडे रोजगार हमीची कल्पना लावून धरली होती, दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ ला विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. आता काम मागणं हा हक्क, पंधरा दिवसात काम नाही दिलं तर बेरोजगार भत्ता. आई तीच, कुदळ तीच, पण आता ती तहसीलच्या दारात उभी राहून म्हणायची की काम द्या, लिहून घ्या. २००५ ला केंद्राने देशासाठी कायदा केला तो याच वाटेने.

आणि याचा पैसा कुठून आला? मुंबईतल्या पगारदारांच्या खिशातून. तुमच्या पगाराच्या स्लिपवर पी. टी. म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, तो व्यवसाय कर १९७५ ला आणला तोच रोजगार हमीसाठी. मी पुढे मुंबईत नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या पगारात ती कापलेली रक्कम बघितली आणि साहेबांना विचारलं हे काय, त्यांनी सांगितल्यावर मी बराच वेळ ती चिठ्ठी हातात घेऊन बसलो होतो.

मुलाला सांगा चेक वटतो, पण बँकेच्या दारात माणसं उभी राहावी लागतात.

गिरगावकर

सगळं पटलं, पण एक बाजू राहतेय. तत्त्वांच्या नावाखाली हक्क दाबता पण येतात, हे पण मुलांना कळायला हवं. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने म्हटलं होतं की कुठल्याही तत्त्वासाठी केलेला कायदा समानतेच्या किंवा स्वातंत्र्याच्या हक्काला धक्का लावतो म्हणून रद्द करता येणार नाही. १९८० ला मिनर्व्हा मिल्सच्या निकालात कोर्टाने ते पुसलं, म्हणाले दोन्हीतला तोल हाच घटनेचा पाया आहे.

आमच्या घरचंच सांगतो. आम्ही पागडीच्या जुन्या सेस बिल्डिंगमधे, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतीत राहतो, जिन्याला टेकू लावलेत. म्हाडाच्या कायद्यात १९८६ ला एक प्रकरण घातलं की ७० टक्के भाडेकरू तयार असतील तर अशी बिल्डिंग सरकारने घेऊन त्यांच्या सोसायटीला द्यायची, आणि आधार दिला कलम ३९ च्या दुसऱ्या खंडाचा, समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी. मालकांची संघटना कोर्टात गेली. ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांनी बहुमताने सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, काही ठरू शकते, ती किती दुर्मिळ आहे, समाजावर तिचा काय परिणाम होतो हे बघून. मी भाडेकरू आहे, मला वेगळं वाटायला पाहिजे, पण हे मला बरोबर वाटलं. उद्या सर्वांचं हित सांगून कोणी त्या मुलाच्या वडिलांची गाडीच ताब्यात घेतली तर? फुटपाथ मोकळा करणं हे पण सर्वांचं हितच म्हणतात ना.

नायगावची_ताई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज अभ्यासिकेत सांगितलं. रेघ पुसली आणि कलम ३७ चं पूर्ण वाक्य आडवं लिहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ७२ च्या काकांची सुकडीची गोष्ट सांगितली तेव्हा एकदम शांतता होती, मग दोघीतिघी म्हणाल्या पप्पांची स्लिप बघतो. तो मुलगा शेवटपर्यंत थांबला, खुर्च्या लावल्या, आणि मग म्हणाला ताई, नोटीस नव्हती आली आणि गाडी नेली तेव्हा काही कागद पण नाही दिला, पप्पा म्हणतात कागद मागायचा नसतो.

वकीलदादा, मागायचा असतो का?

फोर्ट_वकील

मागायचा असतो. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे, त्याच्या कलम १९ मधे जप्त केलेल्या मालाची सही केलेली यादी द्यायला सांगितलंय. मागणी केली की ठरलेली फी भरून नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा माल दोन कामाच्या दिवसांत परत द्यावा लागतो. भाजी गेलीच असेल, पण गाडी आणि वजनकाटा मिळू शकतो. वडिलांना सांगा, साध्या कागदावर अर्ज लिहा, तारीख, वेळ, जागा, काय काय नेलं ते, दोन प्रती करा आणि एका प्रतीवर पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. दाद दिली नाही तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो, फोन १५१००, ही सोयसुद्धा कलम ३९-अ या तत्त्वातूनच आली. अर्ज लिहायला अडलं तर इथे टाका, मी बघतो.

नायगावची_ताई

त्याचे वडील रात्री अकरानंतर येतात. कागद आणि पेन घेऊन बसलेय, आले की खाली जाते.