मदत हवी आहे : .२२ स्पोर्ट पिस्तुलाचं मॅगझीन अडकतंय

नमस्कार मंडळी. मुलगी २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळते, सराव बालेवाडीला. प्रिसिजनमध्ये, म्हणजे सावकाश नेम धरून मारायच्या टप्प्यात, काहीच त्रास नाही, पण रॅपिडला, म्हणजे ३ सेकंदांत एक गोळी, ७ सेकंद विश्रांती, तिथे मॅगझीनमधून (गोळ्या भरायच्या डब्यातून) नेमकी चौथी किंवा पाचवी गोळी वर यायला कुरकुर करते. गोळीचं नाक थोडं खाली झुकतं आणि चेंबरच्या (नळीच्या मागे काडतूस बसतं ती जागा) तोंडाशी अडतं. .२२ च्या काडतुसाला बुडाशी कड असते, त्यामुळे भरताना वरच्याची कड खालच्याच्या पुढे राहील हे आम्ही बघतो. शिशावरच्या मेणाची चिकट काजळी फॉलोअरवर (काडतुसं वर ढकलणारी मॅगझीनमधली पट्टी) साचते, तीही पुसतो. दुसऱ्या मॅगझीनला हा त्रास नाही, म्हणजे पिस्तूल ठीक असावं.

कुणी म्हणतं स्प्रिंग बदला, कुणी म्हणतं मॅगझीनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, जरा दाबा. ओठांना पक्कड लावायला माझा हात धजत नाही! हे काम आर्मररकडेच (शस्त्रं दुरुस्त करणारा) द्यावं का? की सरळ नवीन मॅगझीन घ्यावं?

आणखी एक. मॅगझीन नीट बसावं म्हणून तळाला जाड पॅड लावायचाय. पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमच्या मर्यादेत राहील, पण पिस्तूल मावायला हवं त्या ३००×१५०×५० मिमीच्या पेटीत पॅडसकट मापतात ना? इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेतली साहित्याची तपासणी) कुणाला हरकत आली होती का?