गहू बंद झालाय, चहासोबत कुरकुरीत काय द्यायचं?

सायली_पुणे
लेकीला (वय १४) सहा महिन्यांपूर्वी सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन (एक प्रथिन) पोटात गेलं की आतड्याला इजा होते. पोळी सुटल्याचं तिला फारसं काही नाही, भाकरी आधीपासूनच आवडते. अडलंय ते चार वाजता आणि शाळेच्या छोट्या सुट्टीत. खारी, टोस्ट, बटर, नानकटाई, सगळ्यावर फुली. तांदळाचे ते फुगवलेले गोल केक आणले, तर म्हणाली, "आई, हे फ्रिजच्या खोक्यातून काढलंस का?" एका दुकानदाराने तर 'मल्टिग्रेन' क्रॅकर बिनधास्त हातात ठेवले, यात गहू नाही म्हणून. उलटून पाहिलं तर यादीत पहिलाच मैदा!

चकल्या, पापड चालतात, पण रोज तळण नको. जरा दाताला लागेल, वर चीज किंवा चटणी लावता येईल आणि डब्यात चुरा होणार नाही असं काही आहे का? विकतचं, घरचं, काहीही सांगा.

पिठलंभात
खपली गव्हाची खारी मिळते हल्ली. खपली पचायला हलका, तो चालत असेल ना?

अर्धा_कप
नाही हो, अजिबात नाही. खपली हाही गहूच, ग्लूटेन त्यातही असतं. पचायला हलका वाटणं वेगळं आणि सिलिअ‍ॅक वेगळा. सातूही नाही, जव आहे तो, त्यातही ग्लूटेन असतं. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरी मूठभर गहू पडतो, कुरडया तर गव्हाच्याच. आणि सायली, हिंग बघितलास का? बाजारातल्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं. उडदाच्या पापडातून तो गुपचूप पोटात जातो.

पाकिटावर नुसतं 'गहू नाही' असून भागत नाही, 'ग्लूटेन-फ्री' असंच लिहिलेलं हवं. आपल्याकडे त्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे.

सायली_पुणे
हिंगाचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मेतकूट!! आठवडाभर दहीभातावर घालतेय मी. गेलं ते आता.

शेंगाचटणी
पुण्यात राहून हा प्रश्न पडावा म्हणजे कमाल आहे. अहो, आमच्या सोलापूरची कडक भाकरी! ज्वारीची किंवा बाजरीची, कागदासारखी पातळ, वर तीळ. भाजून झाली की मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत तिच्यातलं सगळं पाणी घालवतात. नीट वाळलेली भाकरी हवाबंद डब्यात महिना-दोन महिने सहज टिकते. मोडली की कट्ट असा आवाज आला पाहिजे, वाकली तर समजा ओल राहिलीय.

आमच्याकडे ती आमटीत कुस्करून खातात, प्रवासात शेंगाचटणी आणि दह्याबरोबर. तुमच्या लेकीने त्यावर चीज लावलं तरी भाकरी काही तक्रार करणार नाही. (मी करेन.) ती परदेशी राय (गव्हासारखंच एक धान्य) ब्रेडची कडक पानं शेकड्याने पैसे मोजून घेतात लोक, आणि रायमध्ये ग्लूटेन असतंच, म्हणजे तुम्हाला तीही बाद.

सोलापुरात बऱ्याच बायका, बचत गट हा धंदा करतात, कुरियरही करतात. मात्र मागवण्याआधी एकच विचारा: ज्वारी कुठे दळता? गिरणीत आधी कोणाचे गहू दळले असतील, तर त्यांचं पीठ जात्यात अडकलेलं असतं, ते तुमच्या ज्वारीत उतरतं. भाकरीत काही खोट नसते, खोट गिरणीत.

विदर्भी_ठेचा
+१. गिरणीचा मुद्दा लाख मोलाचा. आम्ही भाच्यासाठी शेवटी घरगुती चक्कीच घेतली. तिच्यात गहू घालायचा नाही, पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी.

लेस्टरवासी
इकडचं सांगतो, कोणी येणार-जाणार असेल तर मागवता येईल. नेर्न्सचे ओटकेक मस्त, खमंग, चीजसाठीच जन्मलेले. पण त्यांचे साधे आणि ग्लूटेन-फ्री असे वेगवेगळे पुडे येतात, घाईत साधा उचलू नका. शिवाय काही सिलिअ‍ॅकवाल्यांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. अमेरिकेतून कोणी येत असेल तर मेरीज गॉन क्रॅकर्स. ब्राऊन राईस, किनोआ, जवस आणि तीळ, चांगले दाताला लागतात. फक्त किंमत बघून चहा गार होतो.

पिठलंभात
खपलीबद्दल सॉरी, खरंच माहीत नव्हतं. मलाही गव्हाने पोट फुगतं, परवापासून बंद केलाय. बघू.

अर्धा_कप
पिठलंभात, थांबा! आधी डॉक्टरांकडे जा आणि रक्ताची टीटीजी (सिलिअॅक ओळखायची) तपासणी करून घ्या, मग काय बंद करायचं ते करा. आधीच गहू सोडला तर तपासणीत दुखणं असूनही दिसत नाही.

सायली, ही माझी घरची कृती. एक वाटी ज्वारीचं पीठ, दोन चमचे भाजून भरड केलेले जवस, एक चमचा तीळ, ओवा, मीठ. पाऊण वाटी पाण्यात दोन चमचे तेल घालून उकळायचं, त्यात पीठ घालून झाकण ठेवायचं, मोदकाची उकड काढतो तशी. कोमट असताना खूप मळायचं. उकड टाळली तर लाटताना पिठाचा नकाशा होतो, कारण धरून ठेवायला ग्लूटेन नाही. दोन प्लॅस्टिकच्या मध्ये पातळ लाटा, सुरीने चौकोन पाडा, काट्याने टोचा. ओव्हन १६० अंशांवर, वीसेक मिनिटं, मग उलटून आणखी पाच-सात. कडा आधी लाल होतात, त्या काढून घ्यायच्या. गार झाल्यावरच कुरकुरीत होतात, गरम असताना मऊ लागले म्हणून रडू नका.

सायली_पुणे
तीन आठवड्यांनी अपडेट. पहिला घाणा जळाला, दुसरा चिवट निघाला (जाड लाटले होते). तिसऱ्याला जमले. ओव्याऐवजी काळी मिरी घातली, तेव्हा लेकीने पास केले.

सोलापूरच्या एका काकूंशी फोनवर बोलले. ज्वारी दळायला वेगळं जातं आहे म्हणाल्या, वीस भाकऱ्या मागवल्या. चार कुरियरमध्ये तुटल्या, त्याचे तुकडे आम्ही पुदिन्याच्या दह्यात बुडवून खाल्ले. उरलेल्यांतल्या दोन ती डब्यात घेऊन गेली आणि डबा रिकामा आला. मैत्रिणींनी संपवल्या म्हणे, तिला अर्धीच मिळाली.

शेंगाचटणी
पुढच्या वेळी चाळीस मागवा. आणि चटणी कुठली लावलीत ते सांगितलं नाहीत!

सायली_पुणे
चीज. 🙈