मदत हवी आहे: इन्स्पेक्शन कॅमेऱ्याची लिंक मधेच तुटते

पॅकिंग लाइनवर दोन जिगई व्हिजन (गिगाबिट इथरनेट केबलवरून चित्र पाठवणारे) कॅमेरे आहेत: ५ मेगापिक्सेल मोनो, ८ बिट, सेकंदाला १५ फ्रेम, म्हणजे प्रत्येकी सेकंदाला साधारण ७५ एमबी. दोघांना कॉम्प्युटरवर वेगळं नेटवर्क पोर्ट, मधे स्विच नाही. दुसरा कॅमेरा तास-दोन तासांनी गायब होतो आणि पाच-सात सेकंदांत आपोआप परत येतो.

जंबो फ्रेम (मोठी नेटवर्क पॅकेट्स) ९००० बाइट, स्थिर आयपी, पोर्टची वीजबचत बंद, सगळं करून झालंय. हार्टबीट (कॅमेऱ्याशी संपर्क तुटला असं मानण्याआधी थांबायची मुदत) ३००० वरून १०००० मिलिसेकंद केला, फरक शून्य. पडणारही नव्हता म्हणा, पोर्टवरचा लिंकचा दिवाच विझतो! कॅमेरे आणि पोर्ट अदलाबदल केले, दोष केबलसोबतच राहिला.

कधीकधी लिंक परत येते ती १०० एमबीपीएसवर. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून एखादी जोडी तुटत असावी असा संशय. १२ मीटरची कॅट ६ए केबल ड्रॅग चेनमधून (मशीनसोबत हलणारी, केबल वाहून नेणारी साखळी) सर्वो मोटरच्या पॉवर केबलला खेटून जाते, कॅमेऱ्याकडे एम१२ एक्स-कोड (गोल, स्क्रूचा) कनेक्टर. टेस्टर पास दाखवतो, पण तो चेन थांबलेली असताना.

केबल बाहेरून टाकून बघायला लाइन रविवारीच मिळेल. तोवर तुटकी जोडी की सर्वोचा नॉइज (विद्युत गोंगाट), हे चालू लाइनवर कसं ओळखायचं? केबलची शील्ड (धातूचं आवरण) दोन्ही टोकांना जोडलेली आहे, तशीच ठेवू का?