न्यूपोर ११ चं मॉडेल: खालचा पंख एवढा बारका का?

बाळीवेस_बॉय:
नमस्कार मंडळी, कॉलेजच्या प्रदर्शनासाठी पहिल्या महायुद्धातलं फ्रेंच लढाऊ विमान न्यूपोर ११ बनवायलोय, स्केल १:१०, खरं विमान ७.५५ मीटर म्हणजे माझं पाऊण मीटर धरा. वरचा पंख झकास जमलाय पण खालचा ड्रॉइंगमध्ये वरच्याच्या निम्म्याहून थोडासाच रुंद आहे, आत लांबीतली दांडी एकच, आणि दोन पंखांमधला खांब व्ही सारखा, खाली त्या एकाच दांडीवर येऊन टेकतो. मला वाटलं ड्रॉइंगच चुकलंय, दुसरं काढलं तर तेच. काल रात्री टेबल फॅनसमोर धरला तर खालचा पंख टोकाकडून पिळायला लागला राव. बांबूची काडी जाड टाकू का? आणि लढाईच्या विमानाला असला पंख कुणी दिला असंल?

रिटायर्ड_फिटर:
ड्रॉइंग बरोबर आहे बाळा, तुझा फॅन पण बरोबर आहे. गुस्ताव्ह दलाजचं डिझाइन आहे ते, त्याला दीडपंखीच म्हणायचं. इंजिन ल रोन, फक्त ८० हॉर्सपॉवर, त्यामुळं वजन आणि हवेचा अडथळा जिथं वाचंल तिथं वाचवायचा, आणि पायलटला खाली दिसायला पाहिजे, खालचा पंख रुंद असला की निम्मं दृश्य झाकून जातं. १९१६ च्या सुरुवातीला हे आघाडीवर आलं तेव्हा जर्मनांची फोकर विमानं पुढच्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडत होती, फ्रेंचांनी लुईस मशीनगन सरळ वरच्या पंखावर बसवली, पात्यांच्या वरून मारायची, गोळी पात्याला लागू नये म्हणून टायमिंग जुळवायची भानगडच नको. पण मॅगझिन ४७ गोळ्यांचं. संपलं की विमान वळवायची स्टिक गुडघ्यात धरायची आणि वर हात घालून नवीन चढवायचं, समोरचा गोळ्या घालतोय तेव्हाच.
आता पिळण्याचं. दांडी एकच असली की पंखाला तिच्याभोवती फिरायला कोण अडवणार? तीव्र सूर मारला, वेग वाढला की पंख पिळतो, आणि जास्त झालं तर तुटतो. काडी जाड करून थोडा फरक पडंल, पण दुखणं जाडीचं नाही, दांडी एकटी आहे हे दुखणं आहे.

मागवाला:
काकांनी पंखाचं सांगितलं, मी कापडाचं सांगतो, सोलापूरकर असून कुणी विचारलंच नाही 😄 पंखावर लिनन ताणून त्यावर डोप नावाचं रोगण मारायचे, ते वाळलं की कापड आक्रसून ढोलकीसारखं टणक होतं. आपण मागावर ताण्याला (उभ्या धाग्यांना) खळ देतो ना, तसलंच काम, फक्त हे आणखी आवळतं. सांगायचं कारण, एका बाजूला जास्त मारलंस तर पंख फॅन लावायच्या आधीच वाकडा व्हायचा. दोन्हीकडं सारखा हात मार.
आणि त्या ल रोनमध्ये शाफ्ट जागेवर आणि सिलिंडर गरगरा फिरायचे, तेल म्हणून एरंडेल. पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून. वापरलं की बाहेर, थेट पायलटच्या तोंडावर. आमची आजी महिन्याला चमचाभर द्यायची तरी आम्ही पळायचो.

स्पॅडप्रेमी:
दलाजला एवढं पण धुवू नका, जर्मनांनी त्याचीच युक्ती उचलून अल्बाट्रॉस डी ३ विमान काढलं आणि त्याच दुखण्यात अडकले, जानेवारी १९१७ मध्ये खुद्द त्यांचा नामांकित पायलट रिश्टहोफेनच्या विमानाचा खालचा पंख हवेत तडकला होता, वाचला कसाबसा. उलटा रस्ता बघायचा तर बेशेरोनं डिझाइन केलेलं फ्रेंचांचंच स्पॅड ७ बघ. दोन्ही पंखात दोन-दोन दांड्या, समोर १५० हॉर्सपॉवरचं पाण्यानं थंड होणारं हिस्पानो व्ही ८ इंजिन. सूर मारायला एकदम भरवशाचं, पण वळणात न्यूपोरसारखं चपळ नाही, आणि खाली बघायचं म्हटलं की मान मोडते. फ्रेंच पायलट गिनमेरनं ह्याच्यावर पण नाव काढलं. अजून एक गंमत, स्पॅडच्या पंखात मधे जादाचे बारीक खांब दिसतात, ते वजन पेलायला नाहीत, पंख ताणून धरणाऱ्या तारा लांब असल्यामुळं थरथरायच्या म्हणून त्यांना मधे धरायला आहेत. पुढचं मॉडेल करशील तेव्हा तिथं जाड लाकूड घालू नको.

बाळीवेस_बॉय:
भारी! काडी जाड नाही केली, दुसरी दांडी पण नाही घातली, तशी घातली तर न्यूपोर कसलं. आता असं ठरवलंय की स्टॉलवर फॅन चालू ठेवायचा आणि खालच्या पंखाच्या टोकाला लाल दोरा बांधायचा, पिळलेलं लांबून दिसंल. फॅन तीनवर ठेवला की एवढा थरथरतोय की आई म्हणाली बंद कर ते, मोडंल.

रिटायर्ड_फिटर:
दोनवर ठेव. आणि एक खालचा पंख जादाचा करून बॅगेत टाक.