खोला आणि भूत जोलोकिया मिरचीचं खात्रीचं बी: मिळवायचं कसं, द्यायचं कसं?

लवंगी_गडहिंग्लज
जवारी (गावठी) संकेश्वरी आणि लवंगी मिरचीचं घरचं बी आहे. बदल्यात गोव्यातल्या काणकोणची खोला आणि ईशान्येकडची भूत जोलोकिया हवी. बाजारातल्या वाळक्या मिरचीचं बी चालेल का? आलेलं बी खोटं असेल तर कधी कळतं? आणि माझं बी शुद्ध आहे हे समोरच्याला कशावरून पटवायचं?

मिरसांग
खोला उन्हात वाळवतात, त्यामुळे बी सहसा जिवंत असतं. देठासकट, यंदाचीच मिरची घ्या. रंग उतरलेली गेल्या सालची नको. ओल्या टिश्यूत दहा बिया गुंडाळून डब्यात २५ ते ३० अंशांवर ठेवा. दोन आठवड्यांत सात उगवल्या तर बी चांगलं. धुरावर वाळवलेल्या मिरचीचा भरवसा धरू नका, भूत जोलोकिया बऱ्याचदा तशीच येते. शिवाय बाजारच्या फळाची आई दिसते, बाप दिसत नाही, म्हणजे पराग कुठल्या झाडाचा ते कळत नाही. म्हणून पहिल्या वर्षी दहा-बारा रोपं लावा, वेगळी वाटणारी उपटा आणि उरलेल्यांचं बी धरा.

ढब्बू_नको
भूत जोलोकियाचं खोटं बी फळाआधी, फुलावरच पकडता येतं. ती चायनेन्स (Capsicum chinense) जातीची, साध्या मिरचीहून वेगळी. एका पेऱ्यावर दोन-तीन किंवा जास्त फुलं येतात, रंग हिरवट पांढरा. फळ धरल्यावर देठ आणि टोपी जुळते तिथे करकोचा पडतो. पेऱ्याला एकच पांढरंशुभ्र फूल आणि करकोचा नाही, तर पाकिटात साधी मिरचीच आली समजा. उगवायला मात्र घाई करू नका: साधी मिरची आठ-दहा दिवसांत वर येते, हिला तीन-चार आठवडेही लागतात. लोक पंधराव्या दिवशी कुंडी उकरतात आणि पाठवणाऱ्याला शिव्या देतात. निळ्याशार मिरचीचे फोटो दाखवणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. जांभळी मिरची असते, निळी नाही.

बीजबँक_परसातली
शुद्धतेचं सांगते. मिरचीचं परागीकरण आपलं आपण होतं म्हणतात ते अर्धंच खरं, मधमाश्या भरपूर सरमिसळ करतात. प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला २०० मीटर अंतर लागतं, परसात ते कुठून आणणार? मग फूल झाका. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलेल अशी फुगलेली कळी निवडा. आधीच उमललेली फुलं आणि धरलेली फळं त्या फांदीवरून खुडा. दागिन्यांसोबत मिळते तशी जाळीची छोटी पिशवी फांदीला बांधा. रोज सकाळी दहाच्या सुमारास पिशवीतल्या फुलाला टिचकी मारा, म्हणजे पराग झडतो. फळ ज्वारीच्या दाण्याएवढं झालं की पिशवी काढा आणि देठाला रंगीत दोरा बांधा, नाहीतर तोडणीला ओळखू येत नाही. पारा ३५ च्या वर गेला की फुलं गळतात, म्हणून हे काम ऐन उन्हाळ्यात नको.

फळ झाडावर पूर्ण लाल होऊ द्या. बी ताटलीत, सावलीत आठवडाभर वाळवा. वर्तमानपत्राला ते चिकटतं. वाकवल्यावर बी कटकन मोडलं पाहिजे, नुसतं वाकलं तर ओल आहे. बरणीत बुरशी येते ती याच ओलीनं.

लवंगी_गडहिंग्लज
एकाच जोमदार झाडाचं बी धरलं तर?

बीजबँक_परसातली
जवारीचं तसं करू नका, वाणातली विविधता संपते. निदान पाच-सहा, जमलं तर वीस झाडांची फळं एकत्र करा. पानं आकसलेली, चुरडा-मुरडा झालेली झाडं आणि काळे खोलगट डाग पडलेली फळं वगळा. तो करपा बियांबरोबर पुढच्याच्या रानात जातो.

मिरसांग
वाटणीला २० ते २५ बिया पुरे. पुडीवर वाण, गाव, तोडणीचा महिना-वर्ष आणि ‘झाकलेलं’ की ‘उघडं’ एवढं लिहा. उघडं बी देणं गैर नाही, लपवणं गैर. पुडी दोन पुठ्ठ्यांमध्ये घाला, नाहीतर टपालाच्या शिक्क्यात आणि यंत्रात बिया चिरडतात. संकरित वाणाचं बी अदलाबदलीत आणू नका, पुढच्या पिढीत झाडं वेगवेगळी निघतात.

ढब्बू_नको
कायद्याचं: २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, वाटायचा, विकायचाही हक्क दिलाय, संरक्षित वाण मात्र ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. परदेशातल्या पाहुण्यांना लिफाफ्यातून बी पाठवायला सांगू नका. आयात परवाना आणि तिकडचा रोगमुक्ततेचा दाखला, दोन्ही लागतात.